रेडिएटरचं पाणी कुठे गेलं?

पेट-नेटच्या तयारीत असलेली किंवा नुकतीच पीएचडीला नाव घातलेली मुलं विषयाबद्दल बोलायला येतात, तेव्हा मी हल्ली त्यांना एक कोडं घालते. एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं की पाणी थोडं खाली गेलेलं दिसतं. गाडीखाली एक थेंब नाही, बोनेटखाली कुठे ओल नाही, इंजिन तापत नाही. मग पाणी जातं कुठे?

बहुतेक जण लगेच सांगतात, "हेड गॅस्केट गेलं." इंजिनातलं ज्यांना काही कळत नाही त्यांनीही हा शब्द कुठेतरी ऐकलेला असतो. उरलेले म्हणतात, "वाफ होऊन उडालं असेल." दोन्ही उत्तरं खरी निघू शकतात, त्यामुळे उत्तरांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याआधी विचारायचा प्रश्न कोणीच विचारत नाही याची. पाणी कमी झालं हे तुम्हाला कळलं कसं? काल कुठपर्यंत भरलं होतं? पाहिलं तेव्हा इंजिन थंड होतं की गरम? गाडी सपाटीला उभी होती की उताराला?

माझा विषय बारामती-इंदापूर भागातल्या गाडीदुरुस्तीचा इतिहास, म्हणून उदाहरण गाडीचं. पण या एका कोड्यात पुरावा, तूट, कारण, साक्षीदार असं इतिहासाच्या अभ्यासात लागणारं बरंच काही येतं. आणि चुकीच्या उत्तराची किंमतही येते. हेड उतरवायचं म्हणजे तीन-चार दिवसांचं काम, नवं गॅस्केट, हेडला फेसिंग आणि वर मजुरी. एवढं करून आठवड्यानं पाणी पुन्हा खाली गेलेलं दिसलं तर? संशोधनात हाच हिशेब महिन्यांऐवजी वर्षांत मांडावा लागतो.

गळती हा दोष केव्हापासून झाला?

कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं, त्याची वाफ होऊन जायची आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर पडायची. पाणी जावं हीच योजना होती. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत मिळेल तिथे थांबून पाणी भरत गेली. तिला कोणी विचारलं असतं, "बाई, पाणी का कमी होतंय?", तर तिला प्रश्नच कळला नसता. पाणी हे तिच्या दृष्टीनं इंधनासारखंच होतं. गाडी चालली की ते संपणारच.

पुढे विल्हेल्म मायबाखनं १९०० च्या सुमारास मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या, त्यांतून हवा जाणार आणि तेच पाणी थंड होऊन परत इंजिनात येणार. आता पाणी उडवून न देता फिरवायचं होतं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर (अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर) ते फिरवायला पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं, एवढ्यावर भागायचं. तरीही तोंड उघडंच असल्यामुळे थोडं पाणी उकळून जायचंच, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

फरक पडला तो दोन गोष्टींनी. थंड देशांत रेडिएटर गोठू नये म्हणून आधी पाण्यात अल्कोहोल मिसळत, ते उडून जायचं. १९२० च्या दशकात इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते सहज उडत नव्हतं, पण महाग होतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू कमी झाली की माणूस कारण शोधायला लागतो! दुसरी गोष्ट म्हणजे दाब धरणारं झाकण. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ते गाड्यांवर रूढ होत गेलं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. झाकणानं अर्धा बार दाब धरला, तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत शांत राहतं. पण त्यासाठी सगळी यंत्रणा बंदिस्त असावी लागते.

यंत्रणा बंदिस्त झाली आणि त्या दिवसापासून "पाणी कमी होणं" हा दोष ठरला. पातळी तेवढीच खाली जाते, पण १८८६ मध्ये ती योजना असते, १९१० मध्ये रोजची कटकट आणि १९९० मध्ये धोक्याची खूण. तूट नेहमी कोणाच्या तरी अपेक्षेशी ताडून मोजलेली असते. "अमुक उद्योगाचा ऱ्हास" किंवा "तमुक परंपरेचा लोप" असा विषय घेऊन तुम्ही येता, तेव्हा मी आधी हेच विचारते की मुळात ते भरलेलं किती होतं, आणि तसं कोण म्हणतं?

पद्मिनी इथे कशी आली

ही गाडी मी कोड्यासाठी मुद्दाम निवडली आहे. इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी कळंबला वालचंद हिराचंद यांनी आधी उसाची शेती आणि मग १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला. त्याच वसाहतीचं पुढे वालचंदनगर झालं. याच माणसानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला गाड्यांचा कारखाना घातला. सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी होत असे, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ मध्ये वारले. फियाट ११०० भारतात रस्त्यावर आली ती त्यानंतर, १९५४ च्या सुमारास. तिचीच पुढची आवृत्ती १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली आणि विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

आता इंजिन बघा. १०८९ सीसी, चार सिलिंडर. याच मापाचं इंजिन फियाटनं १९३७ च्या गाडीत घातलं होतं. म्हणजे १९९५ ची पद्मिनी कागदोपत्री तीस वर्षांची असली, तरी तिच्या इंजिनाचं घराणं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. गाडी चालू झाली की हेड ब्लॉकवर सरकू पाहतं, बंद झाली की परत येतं, आणि या दोघांच्या भांडणात मधे चिरडतं ते गॅस्केट. तेव्हा "हेड गॅस्केट" म्हणणारी मुलं अगदीच हवेत बोलत नाहीत. या इंजिनाचा ते खरोखर एक दुबळा सांधा आहे. पण दुबळा सांधा माहीत असणं वेगळं आणि आज पाणी तिथूनच जातंय हे दाखवणं वेगळं. नव्या संशोधकाची गफलत बहुधा इथे होते. सिद्धांत सांगतो की असं होऊ शकतं, म्हणून तसंच झालं असं आपण धरून चालतो.

काठोकाठ भरलं म्हणून कमी झालं

सर्वांत आधी तपासायची शक्यता इतकी साधी आहे की तिच्याकडे कोणी बघत नाही.

पाणी तापलं की फुगतं. वीस अंशांवरून नव्वदच्या घरात जाताना त्याचं आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतं. यंत्रणेत सहा लिटर पाणी धरलं, तर दोनशे मिलिलिटरच्या वर, म्हणजे एक पेलाभर. नव्या गाड्यांत हे जास्तीचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की परत ओढलं जातं. पाणी परत घेणारी अशी बाटली नसलेल्या जुन्या गाड्यांत मात्र रेडिएटरच्या वरच्या टाकीत थोडी जागा मोकळी सोडायची असते. ती सोडली नाही, तर जास्तीचं पाणी बारीक नळीतून रस्त्यावर जातं. गाडी त्या वेळी पळत असते, त्यामुळे कोणाला दिसत नाही.

मग काय होतं? मालक सकाळी झाकण उघडतो, पाणी दोन बोटं खाली दिसतं. तो काठोकाठ भरतो. गाडी बारामतीहून भिगवणला जाते, पेलाभर पाणी वाटेत सांडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन बोटं खाली, पुन्हा काठोकाठ. महिनाभरानं तो गॅरेजमध्ये सांगतो, "रोज एक पेला पाणी खाते गाडी." त्याचा आकडा बरोबर आहे, नोंद प्रामाणिक आहे, आणि इंजिनात काहीही बिघाड नाही. ती तूट त्याच्या रोजच्या भरण्यातूनच तयार होतेय.

सरकारी नोंदींवर काम करणार असाल तर हे विसरू नका. एखाद्या वर्षी गुन्हे वाढलेले दिसतात तेव्हा कधी कधी फक्त चौकी नवी झालेली असते. एखाद्या तालुक्यात रोगी वाढतात तेव्हा दवाखाना उघडलेला असतो. आकडा खोटा नसतो, पण तो कसा भरला गेला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

नीरेच्या कालव्यातलं पाणी

पाणी जातं कुठे, हा प्रश्न या भागात गाड्या येण्याच्या कितीतरी आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तो कालव्याबद्दल होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर सरकारनं नीरा डावा कालवा काढला. १८८० च्या दशकात त्याचं पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरकडे येऊ लागलं. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं. मग ऊस आला, आणि उसाबरोबर भरपूर पाणी देण्याची सवयही.

मातीच्या लांबलचक कालव्यात तोंडाशी सोडलेलं सगळं पाणी शेतावर पोचत नाही. मधला फरक हिशेबात तूट म्हणून दाखवायचा आणि कारण म्हणून पाझर आणि बाष्पीभवन लिहायचं, ही सिंचनाच्या हिशेबातली जुनी रीत. पण "पाझर" हे खरोखर कारण आहे का? माझ्या मते ते फक्त फरकाला दिलेलं नाव आहे, "गाडी पाणी खाते" म्हणण्यासारखंच. पाझरलेलं पाणी काही नाहीसं होत नाही. ते कुठे गेलं, हा प्रश्न उरतोच.

ते खालच्या शेतांत गेलं. काळ्या जमिनीत, जिथून पाण्याला वाट नाही अशा सखल भागात, भूजल वर चढत राहिलं. आधी जमिनी उपळट झाल्या. मग पाणी पृष्ठभागापर्यंत येऊन उडू लागलं आणि जमिनीतले क्षार वर ठेवून गेलं. चांगल्या काळ्या रानावर पांढरा थर आला. कालव्याचं पाणी गोडं होतं, मीठ जमिनीतच होतं. चढलेल्या पाण्यानं ते फक्त वर आणलं. ज्याच्या शेतात हे घडलं त्यानं ते पाणी घेतलं असेलच असं नाही. वरच्या अंगाचा ऊस आणि कालव्याचा पाझर यांची किंमत खालच्या अंगाचा शेतकरी जमिनीनं मोजत होता.

१९१० मध्ये हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका काढली. मॅन पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते, शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ. पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेती खात्याची होती. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कालवा एका खात्याचा आणि त्याच्या पाण्याची खूण सापडली दुसऱ्या खात्याच्या कामात. पाटबंधाऱ्याच्या वहीत तूट दिसते, पण पाणी सापडतं मातीच्या पृथक्करणात. तुम्ही फक्त पाटबंधारे खात्याचे कागद घेऊन बसलात, तर वर्षानुवर्षं "पाझर" हा शब्द वाचत राहाल आणि त्यापलीकडे जाणार नाही. (याच काळाच्या आसपास विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली होती, आणि १९१६ मध्ये मुंबई इलाख्यानं स्वतंत्र सिंचन विभाग सुरू केला. त्यातूनच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झालं. दोन्ही मोठे विषय आहेत. कोणाला प्रबंधासाठी हवे असतील तर जरूर घ्या.)

कालवा आणि इंजिन यांची तुलना फार ताणू नये हेही सांगते. कालव्यातून पाणी जायला हजार वाटा आहेत, वर पाऊस आणि विहिरी. इंजिनात वाटा मोजक्या आहेत, आणि म्हणूनच शिकायला ते सोपं. पण गळतीचा पुरावा गळतीच्या वहीत नसतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

साक्षीदार कुठे बसलेत

पद्मिनीकडे परत येऊ. नळीतून सांडणं सोडलं, तर रेडिएटरच्या पाण्याला तीनच वाटा उरतात. ते बाहेर जाईल, तेलात जाईल, किंवा सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरवाटे निघेल. प्रत्येक वाटेचा साक्षीदार रेडिएटरपासून लांब बसलेला असतो.

बाहेर जाणाऱ्या पाण्याची ओल दिसेलच असं नाही. थेंब गरम एक्झॉस्टवर पडला तर क्षणात वाफ होते. मात्र पाणी गेलं तरी डाग राहतो. पांढरट क्षाराचा ओघळ, गंजाची तांबूस रेघ, कूलंट घातलेलं असेल तर हिरवट चिकटा. शेतातल्या पांढऱ्या थराचाच हा लहान भाऊ. म्हणून जाणता मेकॅनिक ओल शोधत बसत नाही, बॅटरी घेऊन सुकलेले ओघळ शोधतो. होज पाइपांच्या टोकांना, ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या बुचांपाशी, वॉटर पंपाच्या खाली. पंपाला खालच्या अंगाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. कोणीतरी चिकटा दिसतो म्हणून ते भोक बुजवतं, आणि साक्षीदाराचं तोंडच बंद होतं.

मग झाकण. त्याची स्प्रिंग दमली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि नळीतून जातं. या सगळ्या तपासात सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि तोच सर्वांत शेवटी बदलला जातो! झाकण ठीक असेल तर थंड इंजिनावर हातपंपानं दाब भरून बघायचा. झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच, जास्त नाही. काटा खाली आला तर कुठेतरी वाट आहे. पण काटा स्थिर राहिला म्हणून सगळं ठीक, असंही नाही. काही फटी फक्त तापल्यावर उघडतात, काही फक्त गारव्यात. पुरावा मिळाला नाही आणि घटना घडली नाही, या दोन वाक्यांमधलं अंतर मला कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या चाचणीनं जास्त चांगलं समजावलं.

आत जाणाऱ्या पाण्याचे साक्षीदार जरा बोलघेवडे असतात, आणि त्यांची उलटतपासणी करावी लागते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला की लोक घाबरतात. पण थंडीत गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल, तर हवेतल्या दमटपणानंही तो येतो. तोच दुधाळपणा डिपस्टिकवर असेल तर गोष्ट गंभीर. सकाळी पांढरा धूर आला तर थांबा. इंजिन गरम झाल्यावरही येतोय का ते बघा. चारही स्पार्क प्लग काढून ओळीनं मांडा. एखादा इतरांपेक्षा संशयास्पद स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरात वाफेनं धुलाई चालू असू शकते. कंप्रेशन चांगलं आलं म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण पाण्याची बारीक फट कंप्रेशन न सोडताही असू शकते. याहून थेट साक्ष हवी असेल तर रेडिएटरच्या तोंडावरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या द्रावणातून ओढतात. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येत असेल तर निळं द्रावण पिवळं होतं.

एकट्या साक्षीदारावर निकाल देऊ नका. स्वच्छ प्लग, गरम इंजिनाचा पांढरा धूर आणि पिवळं द्रावण हे तिघं एकमेकांना न विचारता एकच सांगत असतील, तर मात्र हेड उतरवा. त्याआधी नाही. कारण हेड उतरवलं की गॅस्केट फाटतं, बोल्ट ढिले होतात, आणि ते इंजिन जसं होतं तसं पुन्हा कधीच तपासता येत नाही. काही चाचण्या पुरावा वापरून संपवतात, त्यांची पाळी शेवटी. मुलाखतींचं काम करणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत "तेव्हा तुमच्यावर अन्याय झाला ना?" असं विचारलंत, की त्यानंतरच्या सगळ्या आठवणी त्या प्रश्नाभोवती बसतात.

आधीच्या हातांचे ठसे

जुन्या गाडीची आणखी एक अडचण अशी की ती कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नसते. परवाना-कोट्याच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे एकेक गाडी दशकानुदशकं आणि हातोहात चालली. गाडी तापते म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये कोणी हळद टाकलेली असते. हा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय, आणि बारीक भोकाला तो काही काळ चालतोही. आणि पाणी म्हणाल तर विहिरीचं किंवा बोअरचं, जे हाताशी असेल ते. या भागातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि मचूळ आहे. त्याचा थर नळ्यांत बसतो, आणि क्लोराइड ॲल्युमिनियमच्या हेडला हळूहळू कुरतडतं.

हा थर कधी कधी भोकंही बुजवून ठेवतो. मग एक दिवस मालक शहाणपणानं रेडिएटर धुऊन घेतो, चांगलं कूलंट भरतो, आणि आठवड्यात गळती सुरू होते. "कूलंट घातलं आणि गाडी बिघडली!" घटनाक्रम बरोबर, कारण चूक. भोक वर्षानुवर्षं होतं, कूलंटनं फक्त त्यावरचं बूच काढलं. सुधारणेनंतर लगेच काही बिघडलेलं दिसलं की सुधारणेला दोष द्यायचा मोह इतिहास लिहितानाही होतो. अशा वेळी सुधारणेच्या आधी ते कशानं झाकलेलं होतं, हे शोधायला हवं.

म्हणून गाडी असो की दप्तर, आधी कोणाकोणाचे हात लागलेत ते विचारा. ज्या फाइलीतून पानं काढली गेली आहेत ती बिनथर्मोस्टॅटच्या इंजिनासारखी असते. चालते, पण तिच्यावरून मूळ रचना कशी होती याचा अंदाज करणं धोक्याचं.

आता तुमच्या घरी खरंच अशी गाडी असेल, किंवा हे कोडं हातानं करून बघायचं असेल, तर एक साधी वही घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी रोज त्याच सपाट जागी उभी करून, सकाळी एकदाच झाकण उघडा. (गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.) एक स्वच्छ काडी आत उभी धरा आणि पाणी कुठपर्यंत आहे त्याची खूण करा. वहीत तारीख, वेळ, काल किती किलोमीटर चालली आणि खूण किती मिलिमीटरवर, एवढंच लिहा. पाणी नळ्यांच्या वर आहे तोवर आठ दिवस त्यात काहीही भरू नका, आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. काटा चढू लागला तर प्रयोग तिथेच थांबवा.

आठव्या दिवशी वही उघडा. पातळी रोज सारखीच उतरत असेल, तर वर सांगितलेले साक्षीदार एकेक करून बोलवा, झाकणापासून सुरुवात करून. लांब फेरीच्या दिवशीच उतरत असेल, तर जे काही होतंय ते तापल्यावर होतंय. आणि पहिले दोन दिवस उतरून नंतर त्याच खुणेवर थांबली असेल, तर तिची खरी पातळी तीच आहे. तिथेच राहू द्या, आणि हेडला हात लावू देऊ नका.